मोजणीदाराची साहेबी टोपी

पगडी बांधणं हा आमचा पिढीजात धंदा, आणि लग्नसराईत भेंडाच्या हलक्या पांढऱ्या गाभ्याची बाशिंगं. ठाण्यात साहेबलोक वाढले तसा मी त्याच भेंडाच्या साहेबी टोप्या करायला शिकलो. भेंड पातळ कापायचं, लाकडी साच्यावर खळीनं थरावर थर चिकटवायचे, वरून कापड, आणि भोवती सावलीसाठी रुंद काठ. साहेबाचं काम सोपं. त्याचा नोकर जुनी टोपी घेऊन येई, मी तशीच नवी करून देई. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या त्या आपल्याच एका माणसानं.

तो सरकारी मोजणीदार होता, तिशीचा. दिवा गावाकडच्या मिठागरांची मोजणी चाललेली. ऊन वरून तर येईच, पांढऱ्या मिठावरून उलटून खालूनही येई. एकदा तो तिथंच घेरी येऊन पडलेला. डॉक्टरनं बजावलं, डोळ्यांवर आणि मानेवर सावली पाहिजे, पगडीनं भागणार नाही, पुन्हा पडलास तर उठशील याचा भरवसा नाही. हे त्यानंच मला सांगितलं.

"बसा रावसाहेब, डोक्याचं माप घेतो," मी म्हटलं. तर हा मागे सरकला. "इथं नको, रस्त्यावरून कोणी बघेल. घरून दोरीनं मोजून आणतो." आणलं. टोपी केली, त्यानं घातली, ती थेट नाकापर्यंत खाली! गृहस्थानं दोरी पगडीवरून गुंडाळलेली. अहो, हा माणूस सरकारच्या जमिनी मोजतो! मी कपाळाला हात लावला आणि दुसरी केली.

दुसरीत आतून चामड्याची पट्टी होती. "आईला चामडं चालायचं नाही." उसवली, सुती लावली. मग पांढरा रंग नको. "आई म्हणेल, पोरगा बाटला. पगडीसारखं लाल कापड घाला." घातलं. चार दिवसांनी पुन्हा दारात. "हा काठ आईच्या डोळ्यांत खुपेल हो. बोटभर कमी करा." केला. दोन दिवसांनी आणखी बोटभर. दर वेळी आई, आई, आई! त्या न पाहिलेल्या म्हातारीला मी मनातल्या मनात काय काय बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोराच्या जिवावर उठलीय, असंच वाटायचं मला.

शेवटी आला तो म्हणाला, "मागचा काठ सगळाच काढा. पुढे नखाएवढा राहू दे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुरी घेतली आणि काढला. उरली ती पालथी वाटी. तो आरशात बघून खूश झाला, "आता कशी पगडीच वाटते!" गेला एकदाचा. ब्याद टळली म्हणून मी पाणी प्यायलो.

आठ-दहा दिवसांनी भर दुपारी लाल आलवणातली एक म्हातारी पायरीशी येऊन उभी राहिली. हातात तीच टोपी.

"ही तूच केलीस ना?"

मी ओळखलं. इतके दिवस साठलेलं सगळं जिभेवर आलं. "आई, तुमच्यापायीच कापला हो काठ! तुम्हाला खपत नव्हता ना?"

"मला? मला विचारलं कुणी? मी तर म्हटलं होतं, हवी तर टोपली घाल, पण डोकं झाक. कचेरीतले हसतील म्हणून तोच घाबरायचा." ती पायरीवर टेकली. "परवा पुन्हा पडला रे. मिठागरातल्या चौघांनी उचलून घरी आणला. अंग नुसतं भाजत होतं."

"शुद्ध आलीय ना?"

"आज सकाळी आली. डोळे उघडले आणि पहिलं काय विचारावं? मला टोपीत कुणी पाहिलं का!" तिनं टोपी माझ्यापुढे ठेवली. "बरा झाला की पुन्हा उन्हातच जाणार आहे तो. काठ परत लाव. मान झाकेल एवढा."

"लावतो आई. पण कापायला त्यांनीच सांगितलं, मी काय करणार?"

"त्यानं सांगितलं, कबूल. पण सावली कशानं पडते, हे तुला तर ठाऊक होतं ना?"

ठाऊक होतं. सुरी लावताना प्रत्येक वेळी ठाऊक होतं. मला फक्त तो माणूस एकदाचा दुकानातून जायला हवा होता.