प्रधानकाकांची न झालेली सही

हायवेवर एखादं धुराडं दिसलं की प्रधानकाका गाडीचा वेग कमी करायचे. मागचे हॉर्न मारून हैराण व्हायचे. काका मात्र निवांत बोट दाखवून सांगायचे, "पांढरा दिसतोय ना, ती नुसती वाफ. तो पलीकडचा पिवळट, तो लबाड." अमेरिकेतल्या नोव्हाय गावी माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला अशी लिफ्ट दिली आणि आज आपण काही धड घरी पोचत नाही, अशी माझी खात्री झाली.

गाड्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या आमच्या कारखान्यात काका पर्यावरण विभागाचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे काय, विभागात ते आणि मी, दोघंच. त्यांना मुंबईहून येऊन तीस वर्षं झाली होती, तरी ऑफिसात सगळे 'प्रॅड' म्हणत. मला ते लागायचं, त्यांना मुळीच नाही. "मला काहीही म्हणू देत गं, मी लिहिलेलं बदलू नये म्हणजे झालं," म्हणायचे. कारखान्यातला कोळशाचा जुनापुराणा बॉयलर काढून गॅसचा बसवा, असा अर्ज ते दर वर्षी करत आणि दर वर्षी तो "पुढच्या वर्षी बघू" होऊन परत येई.

२००५च्या सुमारास कंपनीनं कार्बनच्या बाजारात उडी घेतली. सरकारची सक्ती नव्हती, पण कायदा आज ना उद्या येणार, तेव्हा आधीच शहाण्यांच्या यादीत बसावं, एवढाच विचार. आपला धूर कमी करा, नाहीतर दुसऱ्यानं कमी केलेला विकत घ्या. मला वाटलं काका भडकतील. ते उलट खूश. "कल्पना चांगली आहे. ज्याला स्वस्तात जमतं त्यानं करावं, आपण त्याचा खर्च द्यावा. फक्त धूर खरंच कमी झाला पाहिजे, बरं का!"

दुसऱ्यानं कमी केलेल्या धुराचं असं विकतचं प्रमाणपत्र, म्हणजे क्रेडिट, नव्या बॉयलरपेक्षा अर्थातच स्वस्त होतं. आमचा साहेब ग्रेग यानं एक दलाल गाठला. जमीन नांगरली नाही की कार्बन मातीतच राहतो, म्हणून न नांगरण्याबद्दल शेतकऱ्याला पैसे द्यायचे. खरेदीआधी आमच्यापैकी एकानं शेत पाहून अहवालावर सही करायची. आम्ही दोघं गेलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आम्हाला कौतुकानं शेत दाखवलं. काकांनी विचारलं, "नांगरणं कधी थांबवलंत?"

"वीस वर्षं झाली. डिझेल परवडेना," तो म्हणाला. "आता त्याचेच पैसे देतायत म्हणे. मी कशाला नको म्हणू?"

काका खो खो हसले. परतीच्या वाटेवर मात्र एकाही धुराड्यापाशी त्यांनी वेग कमी केला नाही.

त्यांनी अहवालात लिहिलं : 'पैसे दिले नसते, तरी हा माणूस नांगरणार नव्हता. आपण काहीच विकत घेत नाही आहोत.' ग्रेग म्हणाला, "प्रॅड, तेवढं वाक्य काढ. सगळेच असं करतात."

"मग त्या सगळ्यांच्या सह्या घे," काका म्हणाले. पुढे तीन आठवडे त्यांनी त्याला दाद दिली नाही.

मग ग्रेगनं मला बोलावलं. टेबलावर ते वाक्य गाळलेला अहवाल होता. त्यानं धमकी बिमकी काही दिली नाही. माझ्या ग्रीन कार्डचे कागद कुठवर आलेत, एवढंच आपुलकीनं विचारलं. माझा नवरा इंजिनीअर असून माझ्या व्हिसावर दोन वर्षं घरी बसला होता. त्याला काम करायची परवानगी नव्हती आणि माझे कागद कंपनीच्या हातात होते. मी सही केली. वाचायचं नाटकसुद्धा केलं नाही.

क्रेडिट घेतलं गेलं. बॉयलरचा अर्ज कायमचा बंद झाला. कंपनीच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर त्या शेतकऱ्याचा हसरा फोटो छापून आला आणि कारखान्याचा धूर होता तेवढाच राहिला. दोन महिन्यांत काकांची जागा रद्द झाली. प्रमुख मी झाले. माझ्या हाताखाली कुणीच नव्हतं, हे तेव्हाही मला नीटच वाटलं.

निरोपाच्या केकला मी आजारी असल्याचं कळवलं. त्या शनिवारी काकूंचा फोन आला, "अगं, खिचडी केलीय, ये." मी गेले. काका नेहमीसारखेच बोलत होते, माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी करत होते. शेवटी मला ते सोसेना.

"काका, माझं ग्रीन कार्ड अडलं होतं हो."

"माहीत आहे गं मला." त्यांनी दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "म्हणून तर त्यांनी तुला विचारलं."

ते रागावले असते तर मी भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही. त्या घरी मी पुन्हा गेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. अंत्यविधीला नवरा नव्या नोकरीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आला. परत येताना गाडीत म्हणाला, "किती मोठा माणूस यार. एवढं होऊन तुला एका शब्दानं काही बोलले नाहीत."

"नाही," मी म्हटलं.