पालथा घातलेला राजा

ते प्रकरण मी विसरलेले नाही. नव्वदच्या दशकाचा शेवट; मी गुन्हे शाखेत निरीक्षक होते. कोकणातल्या एका देवळातून देवी चोरीला गेली. देवी म्हणजे सोन्याचं रोमन नाणं. लढाई जिंकली म्हणून तिकडच्या राजाने पाडलेलं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसरीकडे पंखवाली विजयदेवता. गावाने तिला पिढ्यानपिढ्या आपली देवी मानलं होतं.

दुबईहून सरपंचांना निनावी फोन आला, "गुरवाला धरा." गुरव कोठडीत गेला. "बाई, मी माझ्या देवीक विकीन?" एवढंच म्हणे. मला त्याचाही संशय होता, पण फोन करणाऱ्याचा जास्त. समुद्रापलीकडे बसून इतकी घाई कशाला?

मग खबऱ्याकडून कळलं, त्याच गावचा एक साइट सुपरवायझर दुबईतल्या देरा भागातल्या सोनेबाजारात तसंच नाणं दाखवत फिरतोय. रजेवरून नुकताच परतलेला. सरपंचांना आलेला फोनही त्याच्याच साइटवरचा निघाला. रीतसर परवानगी घेऊन आम्ही दुबई गाठली. तिथल्या पोलिसांनी त्याला ऊद मेथा वस्तीतल्या खोलीवरून नाण्यासकट आणलं. प्रश्न मी विचारायचे, तेही त्यांच्या अधिकाऱ्यासमोर.

"मॅडम, एका गोऱ्या कलेक्टरकडून घेतलंय. माझी हॉबी आहे."

"देवळातलं नाणं पाहिलंस कधी?"

"लांबून. गाभाऱ्यात गुरवमामाच जातात."

"बरं. याचा फोटो काढायचाय. पुढची बाजू वर ठेव."

त्याने पटकन पंखवाली वर ठेवली. नाण्यांचा छंद असलेला माणूस राजाचं तोंड वर ठेवतो.

"राजाला पालथा का घातलास रे?"

मी नाणं उलटून दाखवलं. राजाचं नाक धारदार, देवीचा चेहरा पार सपाट. रोज अंघोळ, रोज हळदकुंकू, रोज बोटाने चोळणं. पंखाच्या खाचेत कुंकू अजून होतं.

"तुझा गोरा कुंकू लावायचा वाटतं?"

स्थानिक अधिकाऱ्याला आमचं मराठी कळत नव्हतं. सुपरवायझरचा चेहरा कळला. "खलास," तो म्हणाला.

"मामा नैवेद्य आणायला घरी गेले, तेवढ्यात उचललं," सुपरवायझर पुटपुटला.

देवी देवळात परतली, गुरव सुटला. पूजा मात्र, त्याच्या अटकेनंतर चुलतभावाकडे दिलेली, गावाने तिथेच ठेवली. मी सरपंचांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "तो सुटला, ठीक आहे. पण मॅडम, पोलीस उगाच कुणाला नेतात का?"

पुढे सेवेत असेपर्यंत, कुणालाही ठाण्यात आणण्याआधी मी हा प्रश्न स्वतःला विचारला.