ऐंशीला एक कमी

माझे सासरे रोमन अंकांत शेवटपर्यंत नापास राहिले.

नापास करणारी त्यांची नात. म्हणजे माझी मुलगी, सानू.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आपण त्याला थोडं सुधारून घेतो, अशी मला नेहमी शंका येते. म्हणून जेवढं पाहिलं, तेवढंच लिहिते.

बाबा रेल्वेच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले. इकडे हिंदी मुलखात, चेरीतालच्या आमच्या गल्लीतली बरीच मुलं त्यांच्याकडे गणित शिकून गेली.

सानू पाचवीत असताना शाळेत रोमन अंक आले. बाबांना ते घड्याळापुरतेच येत होते, एक ते बारा. आमच्या हॉलमधल्या जुन्या घड्याळात चारच्या जागी चार उभ्या काड्या आहेत. IIII. त्यांनी तिला तेच शिकवलं.

टेस्टमध्ये टीचरनी त्यावर लाल काट मारली. चार म्हणजे IV. पाचाच्या आधी एक.

घरी येऊन सानू मला म्हणाली, "मम्मी, आजोबा को नहीं आता।"

बाबा शेजारच्या खोलीत होते. दार उघडं होतं.

त्यानंतर ती होमवर्क घेऊन त्यांच्याकडे जाईना. मोबाइलवर व्हिडिओ लावून बसायची.

बाबांना मार्क गेल्याचं फारसं वाटलं नसावं. त्यांची अडचण वेगळी होती. मी आणि माझा नवरा एकमेकांशी मराठी बोलतो, सानूशी हिंदी. ठरवून नाही, तसं होत गेलं. तिच्याशी कोणी मराठी बोलायचं ते फक्त आजोबांसोबतच्या या होमवर्कच्या वेळी.

एकदा ते मला म्हणाले होते, "माझ्यामागं या पोरीशी मराठी कोण बोलणार? तुम्ही दोघं तर हिंदीच बोलून राहिले."

मी "बोलू ना, बाबा" म्हटलं होतं. हिंदीच चालू राहिली.

मग थंडीत एका संध्याकाळी मटार सोलता सोलता त्यांनी तिला हाक मारली. मला येत नाही ना, मग तूच शिकव, म्हणाले.

टीचर व्हायला कोणाला नाही आवडत?

पेपरवर मटारची सालं मांडून वर्ग सुरू झाला. I, V, X, L सरळ जमायचे. C साठी वाकडी शेंग शोधायची.

"आजोबा, उनचास लिखो।"

"उनचास म्हणजे?"

हे विचारणाऱ्या माणसाची सगळी नोकरी हिंदीत गेली होती.

सानू स्वयंपाकघरात येऊन मला विचारून गेली. "एकोणपन्नास, आजोबा."

"अच्छा. म्हणजे पन्नासाला एक कमी." त्यांनी L मांडला, आणि त्याच्या आधी एक साल ठेवलं. IL.

"गलत।"

"काहून गलत? पाचाच्या आधी एक ठेवला तर चार होतात. मग पन्नासाच्या आधी ठेवला तर काय बिघडलं?"

"रूल है आजोबा। पहले चालीस, फिर नौ। XLIX."

"मराठीत सांग, तर समजंल."

ती चिडली. मग अडखळत म्हणाली, "एकोणपन्नास असं नाही लिहायचं. आधी चाळीस लिहायचे. मग नऊ."

"असं होय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा IL.

एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ. प्रत्येक 'एकोण' ते असाच चुकवायचे. प्रत्येक वेळी ती मराठीत भांडायची, आणि प्रत्येक वेळी थोडी कमी अडखळायची. "आजोबा, तुम्ही आजपण फेल." ते म्हणायचे, रिचेकिंगला टाकतो.

मटारचा सीझन संपला, मग काड्यापेटीच्या काड्या आल्या. वर्ग चालू राहिला.

मी एक गोष्ट पाहिली होती. नव्व्याण्णव ते नेहमी बरोबर लिहायचे. XCIX. मराठीत नव्व्याण्णवला 'एकोणशंभर' म्हणत नाहीत, सरळ नव्वद आणि नऊ.

याचे दोन अर्थ होतात. एक, रूल त्यांना कधीच समजला नाही, ते मराठी शब्दावरून लिहीत गेले. दोन, रूल पहिल्याच आठवड्यात समजला होता.

मला दुसरा अर्थ आवडतो. पण आवडतो म्हणून तो खरा मानू नये, एवढं मला कळतं. विचारायला वेळ होता. मी विचारलं नाही.

बाबा गेले त्या सकाळी शेजारच्या आंटी आल्या. सानूला जवळ घेऊन विचारलं, "बेटा, दादाजी की उमर कितनी थी?"

सानू म्हणाली, "एकोणऐंशी."

आंटींना कळलं नाही. "कितनी?"

"ऐंशीला एक कमी." मग थांबून, "मतलब, अस्सी में एक कम।"

उन्यासी हा हिंदी शब्द तिला माहीत आहे. तो तिने का वापरला नाही, हे मी तिलाही विचारलेलं नाही.

आज सकाळी बाबांच्या फोटोला हार घालताना पाहिलं, फ्रेमच्या कोपऱ्यात तिने एक चिठ्ठी खोचली आहे. त्यावर फक्त ILXXX.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "ये गलत है ना, बेटा?"

"माहीत आहे मला. बरोबर LXXIX आहे." ती मराठीत बोलत होती. "पण आजोबा असंच लिहायचे."

चिठ्ठी तिथेच आहे.

बाबा, तुमच्यामागं ती मराठी बोलते. कालपासून मीही तिच्याशी मराठीत बोलायचं ठरवलं होतं, आज सकाळीच चुकले.

उद्या पुन्हा.

तुम्हाला आम्हा तिघांचा नमस्कार.