कुणाच्याही हातून

अकोल्याच्या ताजनापेठेत अन्सारभाईंचं फ्रीजदुरुस्तीचं दुकान होतं, आणि अकोल्याचा उन्हाळा असा, की मे महिन्यात फ्रीजवाल्याला जेवायला फुरसत मिळू नये. असं धो धो चालणारं दुकान बंद करून माणूस कॉलेजात कंत्राटी नोकरी धरतो, तेव्हा लोक त्याला वेड्यात काढतात. अन्सारभाईंनाही काढलं. त्याला आता बारा वर्षं झाली.

झालं ते असं. अमरावतीच्या एका कॉलेजात प्राजक्ता मॅडम भौतिकशास्त्र शिकवायच्या. क्वांटम संगणकाची चिप इथंच बनवायची, या ध्यासापायी त्यांनी कुठून तरी एक जुनी व्हॅक्यूमची टाकी पैदा केली होती. टाकीतली हवा पार उपसायची, आत सिलिकॉनच्या तुकड्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवायचा, त्याला ऑक्सिजनची किंचित फुंकर द्यायची आणि वर दुसरा थर. काम नखाएवढं, पण टाकी कुठून तरी हवा खेचत होती आणि टाकीच्या कंपनीचा इंजिनिअर नुसत्या तारखा देत होता. कुणीतरी अन्सारभाईंचं नाव सुचवलं. ते आले, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा एकेका सांध्यावरून फिरवत गेले, आणि एका सांध्यापाशी दाबाचा काटा हलला.

"हे पाहा मॅडम, इथून श्वास घेऊन राहिली तुमची टाकी."

त्या दिवसापासून ते टाकीचेच झाले. रोज अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो. नुसत्या पंपाच्या आवाजावरून टाकीत हवा किती उरली ते सांगायचे. दमट दिवशी टाकी किती वेळ जास्त तापवायची, ऑक्सिजनचा कॉक किती आकडे मोजेपर्यंत उघडा ठेवायचा, सगळं हातात बसलेलं. मॅडमनी बनवलेल्या दहा चिपांपैकी तीन चालायच्या, अन्सारभाईंच्या आठ. आणि या माणसाची नेमणूक मात्र अकरा महिन्यांची. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी धाकधूक.

मग केंद्राची योजना आली. चिपा मोठ्या संख्येनं बनवणाऱ्यांना सरकार पैसा देणार होतं. अर्जात एक प्रश्न होता: 'ही प्रक्रिया कोणा एका व्यक्तीच्या कौशल्यावर अवलंबून आहे काय?' सरकारी अर्ज भरणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, की असल्या प्रश्नाला उत्तर एकच असतं.

मॅडम म्हणाल्या, "अन्सारभाई, एका माणसाच्या हातावर सरकार पैसा लावत नाही. तुम्हाला येतं ते सगळं लिहून काढा. कुणाच्याही हातून चिप झाली पाहिजे. पैसा आला की पहिली कायम जागा तुमची."

कायम जागा! एकावन्न वर्षांच्या माणसाला याहून गोड शब्द कोणता? सात महिने अन्सारभाई उर्दूत लिहीत होते आणि त्यांची मुलगी कहकशाँ ते एका वहीत मराठीत उतरवत होती. पोरगी हुशार. एक दिवस तिनं पेन खाली ठेवलं.

"अब्बा, समदं कावून लिहून देऊन राहिले तुमी? दमट दिवसाचं तरी ठेवा आपल्यापाशी."

अन्सारभाई भडकले. "अर्धं लिहिलं तं चिप अर्धी चालन का? असली बेइमानी मले शिकवू नको."

आणि त्यांनी दमट दिवसाची दोन पानं जास्तच लिहिली.

पैसा मंजूर झाला. पेढे वाटले गेले, फोटो निघाले. पाठोपाठ पदांची यादी आली. चिपेचं यंत्र चालवणाऱ्याला इंजिनिअरिंगची पदवी हवी होती. अन्सारभाई आयटीआय. मॅडम दोनदा दिल्लीला जाऊन भांडल्या, त्यांनी पत्रांवर पत्रं पाठवली. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं: 'सदर काम व्यक्तीवर अवलंबून नसल्याचे आपणच अर्जात नमूद केले आहे.' ते वाचून दाखवताना मॅडमना रडू आवरेना. अन्सारभाईंनीच त्यांना पाणी दिलं.

नव्या ऑपरेटरला शिकवण्यासाठी त्यांना तीन महिने मिळाले. तिचं नाव आरती, मुलगी धामणगावची, कष्टाळू. तिचा राग धरावा तर तेही जमेना. परत जावं तर ताजनापेठेतल्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. अजूनही एखादी गोष्ट तिच्यापासून लपवता आली असती. अन्सारभाईंनी लपवली नाही.

शेवटच्या आठवड्यात आरतीची परीक्षा झाली. जुलैचा चिंब दमट दिवस, आत ती एकटी, हाती वही. अन्सारभाईंना काचेबाहेर बसवलं होतं. चिपा गार करून मोजायला चार दिवस लागले. दहाच्या दहा चालल्या. इतक्या त्यांच्या स्वतःच्या हातून कधी चालल्या नव्हत्या.

आरती धावत आली आणि त्यांच्या पाया पडली. "काका, तुमच्या वहीत एकबी चूक नाई!"

"खुश राहा, बेटी," ते म्हणाले.

बडनेऱ्याच्या फलाटावर कहकशाँचा फोन आला. "काय झालं, अब्बा?"

"दहाच्या दहा."

अन्सारभाईंनी फोन खिशात टाकला. वहीत एक तरी चूक राहायला हवी होती, असं त्या इमानदार माणसाला त्या घडीला मनापासून वाटलं. आणि नोकरी गेल्याच्या दुःखापेक्षा असं वाटल्याची लाज त्यांना जास्त बोचली.