आत्याबाईचं तोंड

सेलूत परमुलखातून कुणी राहायला आलं, की थोड्याच दिवसांत ते माणूस गीताबाईच्या ओट्यावर बसलेलं दिसायचं. जिनिंगवर कामाला आलेल्या बिहारी गड्यांच्या बायका, राजस्थानी मिठाईवाल्याची सून, एकदा तर केरळची नर्स. गीताबाई अंगणवाडीत मदतनीस होती, लेकरांची खिचडी शिजवायची. मराठी शिकवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण समोरच्याला बोलता येईना, की हिच्याच जिवाची घालमेल व्हायची.

तिची शिकवायची तऱ्हाच न्यारी. पुस्तकात पहिला धडा कमळाचा, नाहीतर बदकाचा. गीताबाई म्हणायची, "सेलूत कमळ कुठं हाय गं? आधी भांडायला शिक. नळावर भांडता आलं, भाजीवालीशी भांडता आलं, की भाषा आली. गोड बोलायचं काय, हसून बी भागतंय."

लहानपणी शाळेत ती "न्हाई" म्हणाली, की गुरुजी तिच्याकडून "नाही, नाही" असं जबडा दुखेस्तोवर म्हणवून घ्यायचे. घरी येऊन "नाही" म्हणाली, की आजी विचारायची, "कुणाची नक्कल करायलीस गं?" गीताबाईनं तेव्हाच ठरवून टाकलं आणि पुढं आल्यागेल्याला दोन्ही शिकवलं. नाही कचेरीत, न्हाई घरात.

तिच्या भिंतीला लागून रेवणप्पाचं घर. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, पण दुकान चालवायची त्यांची बायको कस्तुराबाई. तिनं दुकानात भाव सांगितला की स्टेशनावरच्या माणसाला कळतो, असं लोक म्हणायचे. रोज सकाळी भिंतीच्या अलीकडून "जयभीम, कस्तुराबाई" व्हायचं, पलीकडून लिंगायतांचं "शरणार्थ, गीताबाई" यायचं. दोघींनी आपापलं सोडलं नाही आणि दुसरीचं कधी मोडलं नाही. त्यानंतर गीताबाईच्या कडुलिंबाचा पाला कस्तुराबाईच्या अंगणात पडतो, यावरून रोजचं भांडण. ते झाल्याशिवाय दोघींना चहा गोड लागायचा नाही.

तर या कस्तुराबाईच्या लेकाचं, विरेशचं लग्न झालं. सून आणली पार तुंगभद्रेच्या काठावरची, हरिहरची. नाव बसम्मा. तिच्या वडिलांचंही भांड्यांचंच दुकान, पोरगी गल्ल्यावर बसूनच मोठी झालेली. तिला दागिना नको होता, साडी नको होती. सासूच्या दुकानातलं ते स्टूल पाहिजे होतं. पण मराठीचा गंध नाही. आणि या घरातलं कन्नड पिढ्यांमागंच झिजून गेलेलं. अक्का, अण्णा राहिले होते, बाकी सगळं मराठी.

पहिल्याच दिवशी पंगतीत बसम्मा "साकु, साकु" म्हणाली. म्हणजे पुरे. कस्तुराबाईनं साखरेचा डबाच आणून पानात उपडा केला. दुसऱ्या दिवशी दूध देऊ केलं तर सून म्हणाली, "बेडा." म्हणजे नको. कस्तुराबाईला ऐकू आलं "येडी". तिसऱ्या दिवशी पाहुण्या बायकांनी "तू कोण गं?" असं विचारलं, तर ही छातीवर हात ठेवून म्हणाली, "नानु सोसे." म्हणजे मी सून.

कस्तुराबाई तडक भिंतीपाशी. "ऐकलंस का गीताबाई? आल्या आल्या 'सोसते' म्हणायली! अजून मी काय बोलले तरी का तिला?"

"पाठव माझ्याकडं," गीताबाई म्हणाली.

पोरगी हुशार निघाली. भाजीवालीला आठवडाभरात घाम फोडला. अडलं ते एकाच शब्दावर. आपल्याकडं सासूला आत्याबाई म्हणायचं. गीताबाई म्हणाली, "म्हण, आत्याबाई." बसम्मानं "आत्या..." म्हटलं आणि ओढणी तोंडात कोंबून हसायला लागली.

"काय झालं गं?"

"मावशी, आमच्या कन्नडमध्ये बायि म्हणजे हे." तिनं तोंडावर बोट ठेवलं. "आणि अत्ते म्हणजे सासू."

गीताबाईनं दोन्ही तुकडे जोडले. "आत्याबाई म्हंजी... सासूचं तोंड?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून ते तोंड गरजलं, "काय खिदळायला लागल्यात गं दोघीजणी?"

झालं! गीताबाईच ओट्यावर आडवी पडली. जरा सावरली आणि तिच्या ध्यानात आलं, "मग मी कोण? गीतातोंड?" पुन्हा आडवी.

पण हसण्यानं पंचाईत झाली. बसम्मा दिवसातून दहा वेळा सासूला हाक मारायची आणि दहा वेळा फिस्सकन हसायची. कस्तुराबाईला वाटलं, ही माझी टिंगल करायली. एक दिवस ती भिंतीशी आली ती पाल्याचं भांडण न करताच.

"जिला सासूला धड हाक मारता येईना, ती गिऱ्हाइकाला काय हाक मारणार? स्टुलाचं नाव काढू नको म्हणावं तिला. आणि तूच तिला हसायला शिकवलंस, गीताबाई. बास झाली शिकवणी."

गीताबाई पेचात पडली. खरं सांगावं, तर या बाईला तोंडावर कसं सांगायचं, की तुझी सून तुला तोंड म्हणती? आणि तेही ज्या तोंडाला अख्खं सेलू भितं! तिनं आडून सुचवलं, "त्यापेक्षा तिला अव्वा म्हणू दे की."

"अव्वा तर मी माझ्या सासूला म्हणायचे! तिची आठवण नको मला घरात."

दुसऱ्या दिवसापासून भिंत मुकी झाली. गीताबाईचं "जयभीम" परत आलंच नाही. पाला पडला, कुणी बोललं नाही. नवरा नागनाथ म्हणाला, "बरं झालं, शांतता हाय." गीताबाईनं त्याला त्या दिवशी बिनसाखरेचा चहा दिला.

लग्नसराई आली. कस्तुराबाई भाच्याच्या लग्नाला पिंगळीला गेली, तिथं वऱ्हाडावर देखरेख केली आणि घसा बसवून आली. तोंड उघडलं की नुसती हवा. त्यातच रेवणप्पा आणि विरेश माल आणायला नांदेडला गेलेले. दुकान बंद ठेवायचं नाव नाही. भांडी काढून द्यायला म्हणून तिनं सुनेला सोबत नेलं आणि स्टुलावर स्वतः बसली. हे गीताबाईला कळलं. रुसवा बाजूला ठेवून ती तांब्याभर काढा घेऊन दुकानात गेली. कस्तुराबाईनं काढा घेतला, नजर काही दिली नाही.

तेवढ्यात चारठाण्याचे किशनराव आले, बायकोला घेऊन. लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायची होती. हंडा उचलून त्यांनी भाव विचारला. कस्तुराबाईनं पाटीवर लिहून दाखवला.

"लय महाग सांगायलाव! चल गं, पुढच्या दुकानात बघू."

कस्तुराबाईनं तोंड उघडलं. फुस्स. हात हलवले. किशनराव पायरी उतरायला लागले. बसम्मानं गीताबाईकडं बघितलं. गीताबाई एवढंच म्हणाली, "नळावर कशी भांडलीस गं?"

"ओ काका!" बसम्मानं असा आवाज काढला की समोरचा पानवाला वळून बघायला लागला. "असं कसं जायलाव? लेकीला हंडा द्यायलाव का पत्रा? वाजवून बघा की!" तिनं हंड्यावर थाप मारली, हंडा घुमला. "पुढच्या दुकानात स्वस्त हाय, मला ठावं हाय. पण उद्या तो गळायला लागला, तर लेक दुकानदाराला न्हाई बोलणार. तुमाला बोलंल!"

किशनरावांची बायको हसली आणि परत येऊन बसलीच. "बोलती लय फर्मास! कुठली गं तू?"

"हरिहरची. लांबची."

"मग इथं कोण तू?"

बसम्माला सून म्हणायचं होतं. पण तिचं लक्ष सासूच्या मुक्या तोंडाकडं गेलं आणि निसटलं, "मी आत्याबाई!" आणि लागली की हसायला.

"आत्याबाई तर ह्या असतील ना?" किशनराव गोंधळले.

गीताबाईनं डोळेच मिटले. आता काही खरं नाही.

"काका, आमच्या भाषेत अत्ते म्हणजे सासू, बायि म्हणजे तोंड," बसम्मा एकेक शब्द जुळवत म्हणाली. "आत्याबाई म्हणजे सासूचं तोंड. आज त्यांचं तोंड बंद हाय. म्हणून आज त्यांचं तोंड मी."

कस्तुराबाई सुनेकडं बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. गीताबाईला वाटलं, रडायली. पण आवाज नसला तरी ते हसू होतं. डोळ्यांतून पाणी, पोट धरलेलं, आणि एक बोट गीताबाईकडं रोखलेलं, की तुला हे ठाऊक होतं, होय ना! हसू ओसरल्यावर ती उठली, पालथ्या घातलेल्या पातेल्यावर जाऊन बसली आणि रिकाम्या स्टुलावर थाप मारून सुनेला खूण केली.

हंडा गेला. हंड्यासोबत कळशी, परात आणि दोन पातेलीही गेली.

काही दिवसांनी सकाळी नागनाथच्या हातातला कप हिंदकळला.

"गीतातोंडे! ए गीतातोंडे! पाला बघ तुझा, सगळ्या अंगणात!"

गीताबाई पदर खोचत भिंतीशी धावली. "जयभीम, आत्याबाई."

"शरणार्थ, शरणार्थ. आधी पाला उचल." मग कस्तुराबाईनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला, म्हणजे दोन घरांपुरता केला. "ऐक ना. त्या पोरीकडून कन्नड शिकावं म्हणते. व्याह्यांकडं जायचंय. कुठून सुरू करू?"

"भांडणापासून," गीताबाई म्हणाली आणि झाडू घ्यायला आत वळली.