जबड्याची खिंड

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारागिराला मित्र डोंगऱ्या म्हणत. दिवसभर तो लॅबमध्ये लोकांचे दात घडवायचा आणि घरी आला की डोंगर. दर रविवारी त्याच्या बाहेरच्या खोलीत मित्रमंडळी टेबलावर बोटभर सैनिकांची लढाई मांडत, फासे टाकत आणि हमरीतुमरीवर येत. लढाईसाठी लागणाऱ्या टेकड्या, पडकी घरं, झाडी हे सगळं डोंगऱ्याचं. स्वतः तो कधी खेळला नाही. "जमीन मी देतो, भांडा तुम्ही," म्हणायचा.

या जमिनीपायी घरात एक वस्तू जागेवर राहत नसे. भांडी घासायचा स्पंज हिरवा होऊन झुडपांत जायचा. चहाचा चोथा वाळवला की त्याची माती व्हायची. एकदा सासूबाईंनी त्या मातीचाच चहा केला आणि वर विचारलं, "जावईबापू, पत्ती बदललीत वाटतं?"

"अहो, लोक घरात सामान आणतात," बायको करवादली, "तुम्ही माळरान आणता!"

एका शनिवारी लॅबमधल्या टाकाऊ साच्यांपाशी त्याला प्लास्टरचा एक खालचा जबडा दिसला. मधले दात गायब, दोन्हीकडे सुळके. "अरे, ही तर खिंड!" तो हरखला. घरी नेऊन त्याने जबडा करडा रंगवला, दाढांवर शेवाळ चढवलं.

रविवारी लढाई ऐन रंगात असताना दारात निवृत्त मुख्याध्यापिका बाई उभ्या राहिल्या. "लॅबला कुलूप आहे. माझ्या कवळीचं काय झालं?"

डोंगऱ्याला आत्ता उमगलं. तो साचा टाकाऊ नव्हताच. घाईत त्याने शेजारच्या ट्रेमधला उचलला होता. तो टेबलासमोर आडवा उभा राहिला, पण बाईंनी आयुष्यभर बाकाखालच्या चिठ्ठ्या पकडल्या होत्या. त्यांनी त्याला बाजूला सारलं, चष्मा सावरला आणि वाकून पाहिलं.

"हा वाकडा दात माझा आहे."

त्यांचं बोट पुढे सरकलं.

"आणि दाढेवर हा कोण चढलाय?"

"तिरंदाज आहे, बाई," खेळणाऱ्यांतला बस कंडक्टर पुटपुटला. हल्ला त्याचा होता.

"उतरव त्याला. ती दाढ दुखते माझी."

कंडक्टरने तिरंदाज मुकाट्याने उतरवला. डोंगऱ्या माफी मागायला लागला, तर बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. "ते नंतर. माझ्या तोंडात परकं सैन्य घुसलेलं मला चालायचं नाही. आमच्या बाजूचे कोणते?"

बाईंनी खुर्ची ओढली. नियम त्यांना एकही माहीत नव्हता, पण आवाज वर्गातला होता. "फासा नीट टाक. पुन्हा टाक!" कंडक्टर पुन्हा टाकायचा, आणि हरायचा. त्याचं घोडदळ सुळ्यापर्यंत पोचलं तेव्हा बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. घोडदळ आपणहून मागे गेलं.

सोमवारी डोंगऱ्याने दाताच्या डॉक्टरांकडे चूक कबूल करायला तोंड उघडलं, पण बाई आधीच खुर्चीत आ वासून बसल्या होत्या.

"पहिलं माप कुठे गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आघाडीवर आहे," बाई म्हणाल्या. "घ्या दुसरं. आणि हो, या वेळी वरच्या जबड्याचंही घ्या. त्या कंडक्टरला मागून अडवायचंय."