धुळीआडचा मिलिंद

चाकणजवळच्या महाळुंग्याच्या त्या फाउंड्रीत माझ्या भावाशेजारी उभं राहून तुम्ही वर्षानुवर्षं ग्राइंडर चालवलात, मग ‘त्याला कधी पाहिलं नाही’ हे तुमच्या तोंडून निघतं तरी कसं?

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी मिलिंददादा नाइट शिफ्ट करून थेट देहूरोडच्या आमच्या खोलीवर आला. पापण्यांवर साच्याच्या वाळूची पूड. आई ओरडली, “आधी आंघोळ कर, मग पोरीला जवळ घे.” तो हसला. “राहू दे गं. धुळीचाच अभ्यास करायला चाललीय ना ही? नेऊ दे थोडी सोबत.” हसताना त्याला खोकला लागला. टॅक्सी वळली तरी तो खोकतच होता.

इथे मी जन्माला येत असलेले महाकाय तारे बघते. साध्या प्रकाशात ते दिसत नाहीत, भोवती धूळच तेवढी दाट असते. अवरक्त किरण मात्र त्या धुळीतूनही बाहेर पडतात. आमचा कॅमेरा ते टिपतो, आणि ताऱ्याभोवती फिरणारी वायू आणि धुळीची तबकडी उमटते. तीच त्याला भरवते. तिच्यावर पोसलेला तारा पुरेसा तापला की आपल्याच उजेडानं तिला उधळून लावतो. हे शिकवलं तेव्हा वर्गातले बाकीचे ‘किती सुंदर’ म्हणाले. मला आमची खोली आठवली. बारावीनंतर दादाच्या हाती ग्राइंडर आला, म्हणून माझ्या हातात पुस्तक राहिलं.

अवरक्तात आभाळ स्वतःही चमकतं. म्हणून आम्ही शेजारचं रिकामं आभाळ मोजून तेवढी चमक वजा करतो. जागा चुकीची निवडली, तर खरा उजेडही पुसला जातो. आमची ती चूक असते. चाकणमध्ये हे मुद्दाम करतात. वाळूच्या धुळीनं दादाची फुप्फुसं दगड झाली तेव्हा कंत्राटदार म्हणाला, “असा कोण पोरगा आपल्याकडं नव्हताच, भाऊ. टीबी असंल.” तुम्ही तिथेच होतात, आईनं सांगितलं. बुटांकडे बघत होतात. चौकात माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावताना शिडी धरणारे हात तुमचेच होते ना?

आता आई व्हिडिओ कॉलवर फोन त्याच्यासमोर धरते. एका दमात त्याचं वाक्य पुरं होत नाही. तरी टोमणा मारतोच, “धुळीतलं... दिसतं ना तुला? मग त्या कंत्राटदाराला... दे की तुझा कॅमेरा.”

परत यायचं घर कुठलं, असं इथे कोणी विचारलं की खोलीचा पत्ता ओठांवर येत नाही. मिलिंद होता, असं जिथे एक माणूस उभा राहून सांगेल, ते माझं घर.

बाबा कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे. म्हणायचे, “शेवटी काय करायचं ते लिही. नुसतं रडगाणं कोण वाचतं?” तर लिहिते. येत्या रविवारी सकाळी आपल्या बुद्धविहारात दादाच्या भरपाईच्या दाव्यासाठी वकील बसणार आहेत. या. त्यांच्यासमोर एवढंच सांगा, की ‘मिलिंद माझ्या शेजारी काम करत होता’, आणि खाली सही करा. तो श्वास घेतोय तोवर या. त्याच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला शिडी धरायला येऊ नका.